आधी सौदा, मग संमती : लॉस एंजलिस डायोसिसमधल्या एका चर्चविक्रीचं प्रकरण

१७ मे २०१५, रविवार. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथं सेंट जेम्स द ग्रेट चर्चमध्ये बिशप जे. जॉन ब्रूनो आले होते. बिशप येणार म्हटल्यावर कुठल्याही मंडळीत थोडी लगबग असते. त्या दिवशी मात्र त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं, की ही वास्तू विकायची ठरली आहे. किंमत दीड कोटी डॉलर, तेही रोख. घेणारी लेगसी पार्टनर्स ही बांधकाम कंपनी, आणि जागेवर उभी राहणार होती २२ आलिशान टाउनहाउस. २९ जूनला, सोमवारी, चर्चची कुलपं बदलली गेली. त्यानंतर मंडळीने उघड्यावर, गवतावर उपासना केली, आणि पुढे न्यूपोर्ट बीचच्या नगरपालिकेच्या सभागृहात.

ज्या लॉस एंजलिस डायोसिसने (डायोसिस म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला धर्मप्रांत) ही वास्तू विकायला काढली, तिनेच ती परत मिळवण्यासाठी नऊ वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या होत्या. आणि वास्तू हाती येऊन नवी मंडळी सुरू झाली, त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

विश्वस्त संस्था, मोक्याची जागा, बिल्डर, अध्यक्षांनी परस्पर केलेला करार, मग घाईघाईने ठराव. आपल्याकडे ज्याने कधी ट्रस्टची वार्षिक सभा पाहिली आहे, त्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. नवं आहे ते पुढचं. या मंडळ्या ज्या संस्थेच्या, त्या एपिस्कोपल चर्चने आपल्याच बिशपवर सुनावणी घेतली, ती लोकांसमोर घेतली, आणि त्याला निलंबित केलं.

बिशपचं राज्य, पण किती?

एपिस्कोपल चर्च ही इंग्लंडच्या चर्चची अमेरिकी शाखा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाला प्रमुख मानणारं चर्च चालवणं शक्य नव्हतं, म्हणून १७८९ मध्ये तिथल्या मंडळींनी स्वतःची घटना केली. मुंबईत ज्या सेंट थॉमस कॅथीड्रलवरून चर्चगेटला नाव पडलं, तेही याच अँग्लिकन घराण्यातलं. भारतातली उत्तरेकडची अँग्लिकन मंडळी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात इतर पंथांबरोबर एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. डायोसिस, बिशप, पाळक, पाळकीय समिती हे शब्द आपल्या मराठी मंडळ्यांत रुळलेले आहेत ते त्याच वारशातून.

'एपिस्कोपल' म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचं. नावावरून वाटतं की सगळं बिशपच्या हाती असेल. पण नुकतंच राजाविरुद्ध बंड केलेल्या लोकांनी घटना लिहिली होती, त्यामुळे बिशपच्या हाताला त्यांनी बऱ्याच दोऱ्या बांधल्या. बिशप निवडून येतो, आणि त्याला निवडणाऱ्या डायोसिसच्या अधिवेशनात पाळकांबरोबर सामान्य सभासदांनाही मत असतं. अधिवेशन दरवर्षी भरतं, अंदाजपत्रक मंजूर करतं आणि एक स्टँडिंग कमिटी निवडतं. या प्रकरणापुरती तिला आपण स्थायी समिती म्हणू. तिच्यात पाळक आणि सामान्य सभासद दोघंही असतात. बिशपला सल्ला देणं हे तिचं एक काम. पण काही गोष्टी तिच्या संमतीशिवाय करताच येत नाहीत, आणि चर्चची मालमत्ता विकणं ही त्यांपैकी एक.

पैशाचा प्रवाह खालून वर जातो. सभासदाने दिलेल्या दानातून मंडळी चालते, मंडळीच्या उत्पन्नातला वाटा डायोसिसला जातो, डायोसिसचा वाटा राष्ट्रीय चर्चला. ज्या २०१५ च्या उन्हाळ्यात न्यूपोर्ट बीचला कुलूप लागलं, त्याच उन्हाळ्यात सॉल्ट लेक सिटीच्या महाअधिवेशनाने ठरवलं, की २०१९ पासून डायोसिसनी आपल्या उत्पन्नाचा १५ टक्के वाटा राष्ट्रीय चर्चला दिलाच पाहिजे. तोपर्यंत ही मागणी होती, सक्ती नव्हती.

आणखी एक फरक इथे सांगायला हवा, कारण पुढची सगळी कोंडी त्यातून झाली. पॅरिश म्हणजे स्वतःच्या पायावर उभी असलेली मंडळी. तिची निवडलेली कार्यकारिणी असते, आपला पाळक ती स्वतः निवडते. मिशन म्हणजे डायोसिसच्या आधाराने चालणारी मंडळी. तिथला पाळक बिशप नेमतो आणि त्याला व्हिकर म्हणतात. पॅरिशला वेगळं कायदेशीर अस्तित्व असतं, मिशनला सहसा नसतं. थोडक्यात, पॅरिश बिशपशी भांडू शकते. मिशनला आधी भांडायला उभं कुठे राहायचं, हाच प्रश्न पडतो. २०१३ नंतरचं सेंट जेम्स या दुसऱ्या वर्गातलं होतं.

नऊ वर्षांचा खटला

२००३ मध्ये न्यू हॅम्पशायर डायोसिसने जीन रॉबिन्सन यांना बिशप म्हणून निवडलं. ते उघडपणे समलिंगी होते आणि आपल्या जोडीदारासोबत राहत होते. जगभरच्या अँग्लिकन मंडळींमध्ये त्यावरून वादळ उठलं. २००४ मध्ये लॉस एंजलिस डायोसिसमधल्या तीन पॅरिश बाहेर पडल्या: न्यूपोर्ट बीचचं सेंट जेम्स, लाँग बीचचं ऑल सेंट्स आणि नॉर्थ हॉलिवूडचं सेंट डेव्हिड्स. त्यांनी युगांडातल्या अँग्लिकन चर्चचं छत्र पत्करलं. पुढे ला क्रेसेंटाचं सेंट ल्यूक्सही गेलं. माणसं गेली त्याला कोणी अडवलं नाही. भांडण झालं ते वास्तूंवर.

सेंट जेम्सच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं. जागेचा दस्त पॅरिशच्या महामंडळाच्या नावावर, इमारतीला पैसा सभासदांचा, मग मालमत्ता आमची. डायोसिसचं उत्तर १९७९ च्या एका नियमात होतं. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियातल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या खटल्यात, जोन्स विरुद्ध वुल्फमध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं होतं, की चर्चच्या मालमत्तेचे वाद न्यायालयं दस्त, घटना, विश्वस्तपत्र अशा तटस्थ कागदांवरून सोडवू शकतात. मालमत्ता वरिष्ठ चर्चसाठी आहे असं ज्यांना हवं असेल त्यांनी तसं आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवावं. एपिस्कोपल चर्चने ते त्याच वर्षी लिहून टाकलं. पॅरिशची सर्व मालमत्ता ही डायोसिस आणि संपूर्ण चर्च यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली आहे, असा तो नियम. त्याचा मसुदा करणारे न्यूयॉर्कचे वॉल्टर डेनिस, म्हणून त्याला डेनिस कॅनन, म्हणजे डेनिस यांचा नियम, म्हणतात.

५ जानेवारी २००९ ला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डायोसिसच्या बाजूने कौल दिला. पॅरिशला वेगळं व्हायचा अधिकार आहे, वास्तू सोबत नेण्याचा नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यात लक्ष घालायला नकार दिला.

तरी खटला संपला नाही. सेंट जेम्सकडे १९९१ मधलं एक पत्र होतं. डायोसिसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लिहिलेलं, डायोसिस या मालमत्तेवर हक्क सांगणार नाही अशा आशयाचं. त्या पत्राच्या भरवशावर दात्यांनी इमारतीसाठी पैसे दिले, असं पॅरिशचं म्हणणं. हा मुद्दा आणखी काही वर्षं चालला. अखेर २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने तोही फेटाळला. एका पत्राने चर्चचा नियम बदलत नाही.

हे पत्र मी मुद्दाम सांगतो आहे. त्या निकालापर्यंत डायोसिस जे वारंवार म्हणत होती, त्याचा गाभा असा होता: एका अधिकाऱ्याच्या शब्दाला किंमत नाही, नियमाने ठरवलेल्या वाटेनेच मालमत्तेचा निर्णय होतो, आणि वास्तू कुठल्याही एका माणसाची नसून पिढ्यान्‌पिढ्यांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली असते. दोन वर्षांनी हीच वाक्यं तिच्यावर उलटली.

एका माणसाचं महामंडळ

वास्तू परत आली तेव्हा तिच्यात माणसं नव्हती. जुनी मंडळी निघून गेली होती. ब्रूनोंनी व्हिकर म्हणून कॅनन (इथे हा पाळकाचा मानाचा किताब) सिंडी व्हूर्हीस यांना नेमलं आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये नवी मंडळी सुरू झाली. फुटीनंतर एपिस्कोपल चर्चशी एकनिष्ठ राहून इतकी वर्षं इतरत्र उपासना करणारे काही जुने सभासद परतले, बरेच नवे आले.

२०१४ मध्ये जागेची मालकी 'बिशप ऑफ लॉस एंजलिस, अ कॉर्पोरेशन सोल' या नावावर गेली. या सगळ्या प्रकरणातली ही सर्वात रंजक वस्तू.

कॉर्पोरेशन सोल ही इंग्लिश कायद्यातून आलेली जुनी कल्पना. ज्या महामंडळात एकच माणूस असतो, तोही व्यक्ती म्हणून नाही, तर पद म्हणून. बिशप मेला, निवृत्त झाला, तरी महामंडळ चालू राहतं आणि पुढचा बिशप आपोआप त्याच्या जागी येतो. आपल्याकडे देवस्थानची जमीन देवाच्या नावावर असते आणि कायदा मूर्तीला व्यक्ती मानतो. तिथे कायद्याने खुर्चीला व्यक्ती मानलं. मूळ हेतू चांगलाच होता, कारण एकेका पाळकाच्या मृत्यूनंतर त्याचे वारस चर्चच्या जमिनीवर हक्क सांगायला येऊ नयेत, ही खरी अडचण होती. कॅलिफोर्नियाच्या कंपनी कायद्यात यासाठी आजही वेगळा भाग आहे.

पण या रचनेत संचालक मंडळ नाही, भागधारक नाहीत, गणसंख्येचा प्रश्न नाही. सही करणारा एकच, आणि सभा म्हणजे त्याने स्वतःशी केलेला विचार. डायोसिसचं अंदाजपत्रक अधिवेशनात दरवर्षी मांडलं जातं, त्यावर हात वर होतात. कॉर्पोरेशन सोलचा कारभार त्या शेजारून, वेगळ्या पाटातून वाहतो. मला विचाराल तर ब्रूनोंच्या जागी दुसरा कोणी असता तरी हे प्रकरण आज ना उद्या घडलंच असतं. एकट्याच्या सहीने कोट्यवधींची जमीन विकता येते हे ज्याला माहीत आहे, त्याला पैशाची अडचण आली की हात कुठे जाणार?

आणि अडचण होती. चार चर्चचे खटले लढायला सुमारे ९० लाख डॉलर खर्च झाले, असं ब्रूनोंच्या बाजूने सांगितलं गेलं. शिवाय अनाहाइममधली एक व्यापारी मालमत्ता पूर्णपणे विकत घ्यायची होती, म्हणजे भाड्याचं नियमित उत्पन्न सुरू झालं असतं. जमीन भरपूर, हातात रोकड कमी. अशा संस्थेत न्यूपोर्ट बीचसारख्या महागड्या किनाऱ्यावरची जागा विकून उत्पन्न देणारी मालमत्ता घेणं, हा हिशेब कागदावर वेडगळ नाही. मी असे ताळेबंद पाहिले आहेत आणि त्यांवर सल्लागार हाच सल्ला देतात. ब्रूनोंचं असंही म्हणणं होतं, की ही छोटी मंडळी इतक्या मोठ्या वास्तूचा भार दीर्घकाळ पेलू शकणार नाही.

ब्रूनो हा माणूस खलनायक म्हणून रंगवायला सोपा नाही. पाळक होण्यापूर्वी ते बरबँक शहरात पोलीस होते. धिप्पाड, ठाम, निर्णय घेऊन मोकळे होणारे. २०१० मध्ये त्यांच्या डायोसिसने दोन महिलांना सहायक बिशप केलं. आणि जानेवारी २००८ मध्ये लॉस एंजलिसच्या सेंट जॉन्स कॅथीड्रलमध्ये भारतीय पद्धतीच्या प्रभुभोजनाचा विधी झाला, हिंदू धर्मगुरूंना बोलावलं गेलं, आणि शतकानुशतकं झालेल्या धर्मांतराच्या प्रयत्नांबद्दल हिंदूंची माफी मागणारं ब्रूनोंचं निवेदन तिथे वाचलं गेलं. भारतातल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा त्याची दखल घेतली होती. ज्या बिशपने आपल्याला माफीनामा पाठवला, तोच हा.

'पूर्व' हा एक शब्द

एपिस्कोपल चर्चच्या नियमांच्या दुसऱ्या भागात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा: अर्पण केलेलं आणि पवित्र केलेलं कोणतंही चर्च, डायोसिसच्या स्थायी समितीच्या पूर्वसंमतीशिवाय पाडता, हलवता किंवा ऐहिक अथवा सामान्य वापरासाठी विल्हेवाट लावून देता येणार नाही.

सगळं प्रकरण यातल्या 'पूर्व' या शब्दावर उभं आहे. ब्रूनोंनी खरेदीदाराशी करार केला तेव्हा स्थायी समितीची संमती घेतलेली नव्हती. आधी सही, मग समिती.

संमती आधी घेतली काय आणि नंतर घेतली काय, फरक काय पडतो, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. मी एकदा एका विश्वस्त मंडळाच्या बैठकीला हिशेबनीस म्हणून बसलो होतो. विषयपत्रिकेवर सातवा विषय होता, 'अध्यक्षांनी केलेल्या व्यवहारास कार्योत्तर मंजुरी देणे'. वाचून होईपर्यंत चहा आला आणि ठराव मंजूर झाला. एका आजोबांनी विचारलं, की नाही म्हटलं तर काय होईल? अध्यक्ष हसून म्हणाले, "काका, आता पैसे देऊन झालेत." त्या आजोबांनी पुढे काही विचारलं नाही. नंतर विचारलेल्या समितीपुढे एकच प्रश्न उरतो, आपल्या माणसाला तोंडघशी पाडायचं का. आधी विचारलेल्या समितीपुढे दहा असतात. किंमत बरोबर आहे का, दुसरा खरेदीदार पाहिला का, आत बसलेल्या लोकांचं काय, दस्तात काही अट आहे का.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ३६ हेच सांगतं. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जमीन अथवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तरी लागते. अमेरिकेत सरकार चर्चच्या अंतर्गत कारभारापासून हात राखून असतं, म्हणून तिथे हा पहारा चर्चने स्वतःच स्वतःवर बसवलेला आहे. आपल्याकडे तो सरकारी अधिकारी करतो. गंमत अशी, की २०१७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ब्रूनोंना पूर्वसंमती न घेतल्याबद्दल शिक्षा झाली, त्याच वर्षी महाराष्ट्रात कलम ३६ मध्ये दुरुस्ती झाली आणि अपवादात्मक परिस्थितीत कार्योत्तर मंजुरीची फट ठेवली गेली. फट ठेवण्यामागे प्रामाणिक खरेदीदाराला वाचवण्यासारखी कारणं आहेत, हे मान्य. तरी तो सातवा विषय आठवतो.

दात्याची अट

आधी विचारलं असतं तर कोणीतरी जुना दस्त काढून वाचला असता. ही जागा १९४५ मध्ये ग्रिफिथ कंपनीने चर्चला दिली होती, जागेचा वापर चर्चसाठीच व्हावा या अटीवर. १९८४ मधल्या एका दस्ताने ती अट सुटली, असं बिशपच्या बाजूचं म्हणणं. विक्रीची बातमी आल्यावर ग्रिफिथ कंपनीने आपली अट कायम असल्याचं कळवलं. जून २०१५ मध्ये कॉर्पोरेशन सोलने त्या कंपनीवरच दावा ठोकला, तुमच्या या पत्राने आमच्या मालकी हक्काला बट्टा लागला म्हणून. सत्तर वर्षांपूर्वी ज्याने जमीन दिली, त्याच्यावरच खटला. हे वाचून मला देवळाला जमीन दिलेल्या घराण्याच्या नातवाला नोटीस धाडणारी देवस्थान समिती आठवली. कोणती, ते विचारू नका.

मालकीवर वाद उभा राहिलेल्या जागेवर बांधकाम कंपनी पैसे अडकवत नाही. लेगसीचा सौदा बारगळला. कुलूप मात्र तसंच राहिलं. विक्री नाही, उपासनाही नाही.

तक्रार, सुनावणी, आणि दुसरा सौदा

मिशनला कोर्टात उभं राहायला कायदेशीर अस्तित्व नव्हतं, पण सभासदांना चर्चच्या शिस्तीच्या नियमांखाली बिशपविरुद्ध तक्रार करता येत होती. या नियमांना टायटल फोर म्हणतात. ६ जुलै २०१५ ला तक्रार दाखल झाली. शंभराहून अधिक कलमी आरोप असलेलं ते बाड होतं. आधी समेटाचा प्रयत्न झाला, तो फसला. मग पाच जणांचं सुनावणी मंडळ बसलं: तीन बिशप, एक पाळक आणि एक सामान्य सभासद. अध्यक्ष दक्षिण व्हर्जिनियाचे बिशप हर्मन हॉलेरिथ.

२८ ते ३० मार्च २०१७, पॅसाडेना. तीन दिवस साक्षी झाल्या आणि दारं लोकांसाठी उघडी होती. बिशप साक्षीदाराच्या खुर्चीत आहे, वकील त्याला ईमेल दाखवून विचारतो आहे, आणि मागे त्याच्याच डायोसिसचे लोक बसून ऐकताहेत. आपल्याकडच्या धार्मिक संस्थांत, कुठल्याही धर्माच्या, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा.

मंडळ निकाल लिहीत असतानाच जूनमध्ये उघड झालं, की ब्रूनोंनी त्याच जागेचा दुसरा सौदा केला आहे. यावेळी बर्नहॅम-वॉर्ड नावाच्या कंपनीशी. ज्या मालमत्तेच्या विक्रीवरून सुनावणी चालली, ती निकालाआधीच विकून टाकायची तयारी. मंडळाने १७ जूनला ब्रूनोंना विक्रीला मनाई केली. जूनच्या अखेरीस राष्ट्रीय चर्चचे प्रमुख बिशप मायकेल करी यांनी सेंट जेम्सच्या बाबतीतले सगळे अधिकार ब्रूनोंकडून काढून घेतले आणि जॉन हार्वे टेलर यांच्याकडे दिले. टेलर हे उत्तराधिकारी म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये निवडून आले होते. ८ जुलै २०१७ ला त्यांचा अभिषेक झाला. एकेकाळी ते माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते आणि पुढे निक्सन ग्रंथालयाचे संचालक. अडचणीत सापडलेली संस्था कशी असते हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

या दुसऱ्या सौद्याने ब्रूनोंचा बचाव जवळपास संपवला, असं मला वाटतं. पहिल्या वेळी नियम नीट माहीत नव्हता, घाई झाली, वकिलाने चुकीचं सांगितलं, काहीही म्हणता आलं असतं. दुसऱ्या वेळी तीन दिवस त्याच नियमावर उलटतपासणी होऊन गेली होती.

२ ऑगस्ट २०१७ ला अंतिम निकाल आला. चार विरुद्ध एक. उत्तर डकोटाचे बिशप मायकेल स्मिथ यांनी वेगळं मत नोंदवलं. बहुमताने तीन गोष्टी सिद्ध धरल्या: पूर्वसंमतीशिवाय विक्रीचा करार, असत्य विधानं, आणि पाळकाला न शोभणारं वर्तन. शिक्षा, बिशपपदाच्या कामातून तीन वर्षं निलंबन. पैसे खाल्ल्याचा हा निकाल नव्हता, हे नीट लक्षात घ्यावं. पैसा डायोसिससाठीच हवा होता. दोष होता तो वाटेचा, आणि त्या वाटेवर लोकांना जे सांगितलं त्याचा.

निकालाचा एक भाग मात्र शिक्षेचा नव्हता, आणि तोच मंडळीला सर्वात जास्त हवा होता. शिस्तीचं मंडळ माणसाला निलंबित करू शकतं. मालमत्ता इकडची तिकडे करण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून त्यांनी डायोसिसला शिफारस केली: विक्रीचे प्रयत्न थांबवा, मंडळीला आणि तिच्या व्हिकरला वास्तूत परत जाऊ द्या, तिला मिशनचा योग्य दर्जा द्या. शिफारस म्हणजे शिफारसच. ती टाळता आली असती. चावी आता टेलर आणि स्थायी समितीकडे होती, त्याच समितीकडे जिला पहिल्या वेळी सही झाल्यावर विचारलं गेलं होतं.

ब्रूनो नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस निवृत्त झाले आणि १ डिसेंबरला टेलर डायोसिसचे सातवे बिशप झाले. ब्रूनोंचं एप्रिल २०२१ मध्ये निधन झालं.

सेंट जेम्सची मंडळी एप्रिल २०१८ मध्ये आपल्या वास्तूत परतली. कुलूप लागल्याला तेव्हा दोन वर्षं नऊ महिने झाले होते. त्यांना आत घ्या, असा हुकूम शेवटपर्यंत कोणीही दिलेला नव्हता.